गवा 'अचानक' येत नाही

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी, गगनबावडा, आजऱ्याकडच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: "गवा अचानक आडवा येतो, त्यात वेगाचा काय संबंध? अप्पर मारा, हॉर्न दाबून धरा, थांबू नका. प्राण्यांसाठी पूल वगैरे आपल्याकडे चालत नाहीत." हे खरं मानून कुणीतरी आज रात्री घाट उतरेल, म्हणून लिहितोय.

वेगाचाच संबंध आहे. ताशी 80 ला गाडी सेकंदाला 22 मीटर धावते. गवा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद तरी जातो. त्यापुढे कोरड्या रस्त्यावरही थांबायला सुमारे 35 मीटर लागतात. 40 ला हेच सगळं 20 मीटरच्या आसपास आटपतं. डिपरचा उजेड पोचतो जेमतेम 40-50 मीटर, आणि गव्याचं अंग काळं. पांढरे काय ते गुडघ्याखालचे पाय. तो अचानक येत नाही, आपल्याला उशिरा दिसतो. मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो. दुचाकीवाला अशा धडकेतून वाचणं कठीण.

अप्परचं म्हणाल तर घाटाच्या वळणावर तो उजेड दरीत जातो, रस्त्यावर नाही. आणि डोळ्यांवर झोत आला की जनावर दिपून जागीच उभं राहतं. हॉर्नने कळप फुटतो. एकदा दाजीपूरच्या वाटेवर मी गाडी थांबवून दिवे डिपरला ठेवले. एक गवा रस्ता ओलांडून गेला होता. मागच्याने हॉर्न दिला आणि पलीकडे पोचलेली मादी पिल्लासाठी परत रस्त्यावर आली. पहिला गेला म्हणजे रस्ता मोकळा झाला, असं कधीच समजू नका. मागून आणखी येतात, त्यांत पिल्लंही असतात.



राहिला पुलांचा मुद्दा. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर, आपल्याच महाराष्ट्रात, रस्ता उचलून खालून प्राण्यांसाठी नऊ वाटा ठेवल्यात. कॅमेऱ्यांत तिथून जाणारे वाघही टिपले गेलेत. आपल्या घाटांत रुंदीकरणाचे आराखडे बनतात तेव्हाच ही मागणी ग्रामसभेतून लेखी जायला हवी. डांबर पडल्यावर कुणी रस्ता उचलत नाही. तोवर अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत अभयारण्याच्या पट्ट्यात 40 च्या वर जाऊ नका. जखमी जनावर दिसलं तर जवळ न जाता वनविभागाच्या 1926 वर फोन करा आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा.