लॉगबुकावरचे नाव म्हणजे मालक नव्हे

ब्रिटनमधील मराठी मंडळींत आणि इकडच्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांतही एक दावा वरचेवर फिरत असतो. तिकडची जुनी मॉरिस मायनर डोळे झाकून घ्यावी, असे तो सांगतो, कारण लॉगबुकावर, म्हणजे तिकडच्या नोंदणीच्या कागदावर, मालकाचे नाव असते, आधी किती मालक झाले तो आकडा असतो, नंबरावरून गाडीचे साल आणि गाव समजते आणि राहिलेला सगळा इतिहास कारखान्याच्या दाखल्यात सापडतो. यातला एकही मुद्दा जसाच्या तसा टिकत नाही.

पहिला मुद्दा मालकाचा. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात, काही अपवाद सोडले तर, ज्याच्या नावे वाहनाची नोंद तोच मालक अशी व्याख्या आहे, त्यामुळे आरसी बुक पाहून व्यवहार करण्याची सवय आपल्या हाडीमासी रुजली आहे. ब्रिटनच्या व्ही-५-सी या आजच्या लॉगबुकावर मात्र हा मालकीचा पुरावा नव्हे असे चक्क छापलेले असते. त्यावरचे नाव ‘रजिस्टर्ड कीपर’चे म्हणजे नोंदणीकृत धारकाचे, अर्थात गाडीची नोंद आणि कर यांबाबत सरकारला उत्तरदायी असलेल्या व्यक्तीचे असते. वडिलांनी पैसे मोजलेली गाडी मुलाच्या नावे नोंदलेली असू शकते, आणि त्यात बेकायदा काही नाही. विकणाऱ्याकडे खरेदीची पावती आहे का, हे म्हणूनच आधी विचारावे.

आधीच्या धारकांचा आकडा तर अधिकच फसवा आहे. मायनर १९४८ ते १९७१ या काळात बनली, आणि तेव्हा नोंदणी स्थानिक कौन्सिलांकडे होती. ते काम वेल्समधील स्वान्सी येथील मध्यवर्ती कार्यालयाकडे गेले ते १९७० च्या दशकात. त्यामुळे आजच्या कागदावरची मोजणी पुष्कळदा स्वान्सीच्या संगणकीय नोंदीपासूनच सुरू होते, आणि ‘एकच मालकीण, तीही निवृत्त शिक्षिका’ या जाहिरातीतील बाई प्रत्यक्षात पाचव्या असू शकतात. जुने घडीचे लॉगबुक मिळाले तर ते सावकाश वाचावे. प्रत्येक हातबदलाला नवे नाव आणि पत्ता लिहून त्यावर कौन्सिलचा तारखेचा शिक्का मारलेला असतो, आणि कर भरल्याचे शिक्के वेगळ्या रकान्यांत असतात. या शिक्क्यांत दोन-तीन वर्षांची पोकळी दिसली, तर त्या काळात गाडी बहुधा कुठल्यातरी गॅरेजात पडून होती असे समजावे. रकाने संपले की पुढचे पुस्तक दिले जाई. हाती आलेले पुस्तक असे दुसरे वा तिसरे असेल, तर त्यातले पहिले नाव गाडीच्या पहिल्या धारकाचे असेलच असे नाही.

नंबराविषयी म्हणाल, तर पहिल्या मायनरचा एनडब्ल्यूएल ५७६ हा नंबर ऑक्सफर्डचा, आणि मायनर बनवणारा काउली कारखानाही तिथलाच, हे खरे. पण सालाचे अक्षर नसलेले जुने नंबर ब्रिटनमध्ये स्वतंत्रपणे विकले जातात. आहे त्यापेक्षा गाडी नवी भासवणारा नंबर लावण्यास मनाई आहे. जुनी भासवणारा मात्र चालतो. तेव्हा १९६७ ची मायनर १९५० च्या सुमाराचा नंबर मिरवू शकते. नंबरापेक्षा गाडीचे अंग बोलके असते. १९५६ पर्यंतच्या गाड्यांची पुढची काच दोन तुकड्यांची आहे. त्याही आधीच्या, अगदी सुरुवातीच्या गाड्यांत बंपर मधोमध कापून पट्टी घालून जोडलेला दिसतो, कारण मायनरचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांनी ऐन वेळी गाडी ४ इंचांनी रुंद केली तेव्हा बंपर आधीच तयार झाले होते. इंजिनावरून मात्र साल ठरवू नये. जुन्या मायनरांत नंतरचे १०९८ सीसीचे इंजिन बसवण्याची प्रथा सर्रास आहे.

राहिला दाखला. गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या मूळ नोंदींवरून तो देते, आणि गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, ती कुठे रवाना झाली हे त्यातून कळते. ती कोणी विकत घेतली आणि पुढे कोणाकोणाकडे गेली, हे त्यात नसते. दाखला आणि लॉगबुक यांवरचा चासी क्रमांक बॉनेटखालच्या पत्र्यावरील पट्टीशी ताडून पाहावा, आणि तो जुळला नाही तर पैशांचे बोलणे तिथेच थांबवावे.