"दोन वर्षांत रंग गेला, वर काळे डाग आले, फोटो फेक होता" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा एक स्टारवाला रिव्ह्यू वाचला. आधी राग आला, खोटं कशाला बोलू, पण तुम्ही टाकलेले फोटो मोठे करून बघितले आणि आमची जुनी जाहिरातही काढून बघितली तेव्हा लक्षात आलं की थोडं चुकलंय आमचंही, ते पुढे सांगतो.

तुमचं म्हणणं असं की आमच्याकडून बॉल पायथन या पाळीव अजगराची दोन पिल्लं नेली, एक बनाना आणि एक पास्टेल (ही रंगाच्या प्रकारांची नावं, अशा प्रकाराला मॉर्फ म्हणतात), दोन वर्षांत बनानावर अंगभर काळे ठिपके आले आणि पास्टेल पिवळाधमक होता तो मळका तपकिरी झाला, म्हणजे एकतर आम्ही फोटो एडिट केले नाहीतर आजारी जनावरं गळ्यात मारली.

ठिपक्यांचं आधी सांगतो कारण तुम्ही "बुरशी" लिहिलंय आणि ते वाचून बाकीचे बनानावालेही घाबरतील. बुरशी नाही ती. बनानाला वाढत्या वयात काळे ठिपके येतात, त्या मॉर्फचा स्वभावच तो, अंड्यातून निघतो तेव्हा अंग साफ असतं किंवा एखाददुसरा ठिपका असतो, मग मोठा होत जातो तसे दर दोन-चार कातींनंतर नवीन दिसायला लागतात. किती येणार ते मी सांगू शकत नाही आणि जो छातीठोक सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका, एकाच क्लचमधली, म्हणजे एका वेळच्या अंड्यांतली, सख्खी भावंडं असतात, एकावर बोटावर मोजण्याइतके ठिपके आणि दुसऱ्यावर कोणीतरी मिरपूड उधळल्यासारखे. ओळखायचं असेल तर बोट फिरवून बघा, हा ठिपका सपाट असतो, हाताला लागत नाही, खवल्याच्या रंगातच असतो आणि कात टाकली तरी जागच्या जागी राहतो. माइट, म्हणजे सापाचं रक्त पिणारा बारीक किडा, असेल तर तो सरकतो, ओल्या पांढऱ्या टिश्यूने साप पुसला की टिश्यूवर बारीक काळे कण दिसतात, आणि पोटाकडचे खवले लालसर तपकिरी, फुगलेले किंवा ओलसर दिसले तर मात्र वाट न बघता व्हेटकडे न्या. तुमच्या तिसऱ्या फोटोत पोट दिसतंय, एकदम स्वच्छ आहे.

आता पास्टेल. इथे तुमचा राग मला समजतो. पास्टेलचं पिल्लू म्हणजे नुसता पिवळा बल्ब असतो आणि विकणारे सगळे त्याच वयाचा फोटो लावतात, आम्हीपण लावला. पण सिंगल पास्टेल, म्हणजे त्या जीनची एकच प्रत असलेला, मोठा होताना बऱ्याचदा तपकिरीकडे झुकतो, ब्रीडर लोकं त्याला ब्राउन आउट होणं म्हणतात आणि हे आजचं नाही, 1990 च्या दशकात पास्टेल ब्रीडिंगमध्ये आला तेव्हापासून माहितीये. पास्टेलचा जीन सगळ्यांत सारखाच असला तरी पिवळा किती टिकणार ते बाकीच्या रक्तावर ठरतं, म्हणून काही लाइन्स (वंश) मोठेपणीही बऱ्यापैकी पिवळ्या राहतात आणि काही दोन वर्षांत साध्या सापाच्या जवळ जातात. सगळे मॉर्फ असे बिघडतात असंही नाही हं, डेझर्ट घोस्ट नावाचा मॉर्फ उलट वयाबरोबर उजळतो, पाईड या पांढऱ्या पट्ट्यांच्या मॉर्फचा पांढरा भाग अंड्यातून निघताना जिथे असतो तिथेच राहतो, आणि अॅक्झँथिक या पिवळा रंग नसलेल्या मॉर्फच्या काही लाइन्स पिल्लू असताना चांदीसारख्या राखाडी असतात त्या पुढे तपकिरी छटा धरतात. साधा, कुठलाही मॉर्फ नसलेला बॉल पायथनसुद्धा पिल्लूपणी जेवढा खणखणीत दिसतो तेवढा मोठेपणी राहत नाही.

आणखी एक, तुमच्या पास्टेलच्या फोटोत डोळे दुधाळ निळसर दिसतायत. तो कातीला आलाय. या दिवसांत कुठलाही साप धूळ बसल्यासारखा दिसतो, थोड्या दिवसांनी डोळे साफ होतील आणि मग कात पडेल. म्हणजे तुम्ही आमचा फोटो आणि तुमचा फोटो शेजारी लावलात खरे, पण आमचा कात टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात काढलेला आणि तुमचा त्याच्या सगळ्यात वाईट आठवड्यात ट्यूबलाइटखाली.

तर चूक कुठे झाली. फोटो एडिट केला नव्हता, ओरिजिनल फाइल आहे, पाठवतो. पण पास्टेलच्या आईचा फोटो जाहिरातीत नव्हता, आणि ती पास्टेल आई सहा वर्षांची आहे, बऱ्यापैकी तपकिरी आहे, तिला बघितलं असतंत तर पिल्लाचं पुढे काय होणार याचा अंदाज तुम्हाला तिथेच आला असता. बनानाच्या ठिपक्यांबद्दलही एक ओळ लिहायला हवी होती, आम्ही "सगळ्यांना माहीत असतं" या भ्रमात राहिलो. पहिल्यांदा साप घेणाऱ्याला कसं माहीत असणार? आता दोन्ही जाहिराती बदलल्यात, आई-बापाचा आत्ताचा फोटो आणि कात कधी टाकली ती तारीख दोन्ही टाकतोय.

तुम्हाला कोणीतरी टाकीचं तापमान वाढवा, खाण्यात पावडर घाला म्हणजे पिवळा परत येईल असं सांगितलंय, ते प्लीज करू नका. खाण्याने मॉर्फचा रंग परत येत नाही आणि जास्त उष्णतेने साप भाजतो, त्या जखमेचा डाग मात्र कायमचा राहतो. ओलावा 60 टक्क्यांच्या आसपास ठेवा, कात एका तुकड्यात निघाली की अंगावर जुने पापुद्रे अडकत नाहीत आणि साप आहे त्या रंगात नीट दिसतो, बस.

पैसे परत द्यायचं म्हणाल तर बनानाचे देणार नाही, तो बनाना जसा असायला हवा तसाच आहे. पास्टेल मनातून उतरलाच असेल तर आम्ही परत घेतो आणि पूर्ण पैसे देतो, कारण आईचा फोटो न दाखवणं आमच्याकडून झालंय. फक्त एक करा, ही कात पडू द्या, दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी उजेडात एक फोटो काढा आणि मग ठरवा. जाहिरातीतल्याइतका पिवळा दिसणार नाही हे आत्ताच सांगतो, पण आत्ता दिसतोय तसाही दिसणार नाही.