नेपाळमधील अन्नपूर्णा परिक्रमेतील थोरांग ला खिंडीचा दिवस : आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय मी आणि त्या फेरीवर असलेल्या गाइडने एकत्र बसून वाचला. खिंड ओलांडण्याच्या दिवशी पहाटे साडेतीनला उठवून अंधारात चालवले, माथ्यावर जेमतेम पंधरा मिनिटे थांबू दिले, आणि त्याहून गंभीर म्हणजे आपल्या मेहुण्यांचे नुसते डोके दुखत असताना आदल्या संध्याकाळी त्यांना खिंडीच्या पायथ्याच्या मुक्कामाहून, थोरांग फेदीहून, माघारी पाठवले, अशी आपली तक्रार आहे. दर रविवारी यळ्ळूरचा राजहंसगड न थांबता चढणाऱ्या माणसाला आम्ही दुबळे ठरवले, असेही आपण लिहिले आहे. इतक्या लांब जाऊन खिंड न बघता परतावे लागले याचे दुःख मी समजू शकतो. परंतु बेळगाव-खानापूरकडची जी मंडळी पुढच्या हंगामाची तयारी करीत आहेत, तीही हा अभिप्राय वाचणार आहेत, म्हणून सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

मेहुण्यांचा विषय आधी घेतो. पुढील मजकूर त्यांच्याशी फोनवर बोलून, त्यांच्या संमतीने लिहीत आहे. त्यांना कोणीही दुबळे ठरवलेले नाही. उंचीचा त्रास आणि दमसास यांचा फारसा संबंध नसतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, राजहंसगडाचा सगळा चढ आपल्या रोजच्या हवेत होतो, आणि थोरांग ला ५,४१६ मीटरवर आहे, जिथे एका श्वासात समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत निम्म्याच्या आसपासच प्राणवायू मिळतो. उलट ज्याचा दम चांगला तो भरभर वर जातो, शरीराला जुळवून घ्यायला वेळ देत नाही, आणि त्रास अंगावर काढतो, हे आमच्या गाइडना नेहमी दिसते.

नुसती डोकेदुखी असती तर त्यांना फेदीलाच एक दिवस जास्त थांबवून वाट पाहता आली असती. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी डाळ-भाताचे ताट तसेच बाजूला सारले होते आणि मळमळत असल्याचे सांगितले होते. गाइडने त्यांना लॉजच्या अंगणातील फरशीच्या सरळ सांध्यावरून, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावत दोनदा चालायला सांगितले. दोन्ही वेळा त्यांचा तोल गेला. उजव्या बुटाची नाडी सुटली होती, ती हातात धरून ते बराच वेळ पाहत राहिले, पण गाठ मारता येईना. हे मेंदूला सूज येत असल्याचे लक्षण असू शकते. त्यावर खरा उपाय एकच, तो म्हणजे ताबडतोब खाली उतरणे. गोळ्या आणि प्राणवायूचा सिलिंडर हे त्याच्या जोडीला असतात, त्याच्या जागी नसतात. म्हणून सकाळची वाट न पाहता, सहायक गाइड आणि एक पोर्टर सोबत देऊन, हेडटॉर्चच्या उजेडात त्यांना उतरवले. खालचे याक खर्क गाव येईपर्यंत त्यांचे पाऊल सरळ पडू लागले होते आणि दुसऱ्या दिवशी त्याहून खालच्या मनांग गावी हिमालयन रेस्क्यू असोसिएशनच्या उपचार केंद्रात डॉक्टरांनी त्यांना तपासले. याच केंद्रातले उंचीच्या आजाराविषयीचे व्याख्यान आपल्या गटाला आम्ही मुद्दाम ऐकवले होते. मनांगला दोन रात्री मुक्काम आणि मधल्या दिवशी उंचावर चढून पुन्हा खाली झोपायला येणे, ज्याला आपण ‘विश्रांतीच्या दिवशी फुकटची पायपीट’ म्हटले आहे, तेही याच कारणासाठी होते.

आता पहाटेच्या वेळेविषयी. फेदीहून माथ्यापर्यंत सुमारे ९०० मीटर चढ आहे आणि माथ्यावरून मुक्तिनाथपर्यंत सुमारे १,६०० मीटर उतार आहे. चढाची भीती सगळ्यांना असते, पण गुडघ्यांची खरी परीक्षा त्या उतारावर होते, आणि तो थकलेल्या पायांनी उतरायचा असतो. सकाळ सरत आली की खिंडीवर वारा उठतो, आणि पलीकडच्या काली गंडकीच्या खोऱ्यात तर तो दुपारभर घोंगावत राहतो. घामाने ओले झालेले अंग त्या वाऱ्यात काही मिनिटांत गार पडते. आपल्या पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीची नळी गोठली होती, ती याच थंडीने, आणि बाटली जॅकेटच्या आत ठेवा असे म्हणूनच सांगितले जाते. माथ्यावरच्या पताकांपाशी फोटो आणि एक कप चहा, एवढ्यासाठी पंधरा मिनिटे पुरतात. परिक्रमेतले खरे सौंदर्य, माझ्या मते, वरच्या पिसांगहून घ्यारू-ङावल मार्गे मनांगकडे जाताना आहे, आणि तिथे आम्ही कोणालाही घाई केली नव्हती.

ऑक्टोबर हा तिथला चांगल्या हवेचा महिना मानला जातो. तरीही २०१४ साली १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमजवळ धडकलेल्या हुडहुड वादळाचे अवशेष दोनच दिवसांत तिकडे पोहोचले, आणि त्या हिमवादळात अन्नपूर्णा-धौलागिरी परिसरात किमान ४३ माणसे दगावली. इतक्या उंचावर उशीर होणे किती महाग पडू शकते हे ज्याला ठाऊक आहे, तो गाइड आपल्या गटाला अंधारातच बाहेर काढील, आणि आम्हाला असाच गाइड हवा आहे.

वरच्या लॉजमधील महाग चहाविषयी इतकेच, की तिथली प्रत्येक वस्तू खेचराच्या किंवा माणसाच्या पाठीवरून येते.

संपूर्ण शुल्क परत करण्याची आपली मागणी मान्य करता येणार नाही. मुक्तिनाथ आणि जोमसोमचे मुक्काम व तिथून पोखऱ्यापर्यंतची गाडी मेहुण्यांनी वापरली नाही, त्याची रक्कम मात्र त्यांच्या खात्यावर जमा करीत आहोत. सोबत दिलेल्या माणसांचा आणि मनांगच्या तपासणीचा खर्च आम्ही लावलेला नाही. मुक्तिनाथाचे दर्शन राहून गेल्याची खंत त्यांनी फोनवर बोलून दाखवली. पोखऱ्याहून बेनी मार्गे आता तिथवर गाडीने जाता येते, पण देवस्थान सुमारे ३,८०० मीटरवर असल्याने त्यांनी जोमसोमला, म्हणजे सुमारे २,७०० मीटरवर, आधी दोन रात्री राहावे, आणि बेळगावहून निघण्यापूर्वी या वेळची हकिकत आपल्या डॉक्टरांना जरूर सांगावी. मनांगच्या तपासणीचा कागद आमच्या कार्यालयात आहे. तो आपण केव्हाही घेऊन जावा.