देणगीआधी देणं

मुंबईत साकीनाक्याच्या गाळ्यात जॉबवर्क (दुसऱ्या कंपन्यांची कामं ऑर्डरप्रमाणे) करणाऱ्याला दिवाळीत मोठ्या गिऱ्हाइकाकडून काजूकतलीचा डबा येतो. त्याच गिऱ्हाइकाकडे त्याचं 10 लाखांचं बिल 90 दिवस पडून असतं. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याने पैसे चुकते करायची कमाल मुदत 45 दिवसांची. वरच्या 45 दिवसांचं कॅश क्रेडिटचं (धंद्यासाठी बँकेकडून उचललेल्या कर्जाचं) व्याज 12 टक्क्यांनी धरलं तरी सुमारे 14,800 रुपये. म्हणजे डबा कोणी कोणाला दिला?

1 एप्रिल 2024 पासून आयकर कायद्याचं कलम 43बी(एच) लागू झालं: सूक्ष्म-लघु उद्योगाचं मुदत उलटलेलं बिल 31 मार्चलाही थकीत असेल, तर खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. ‘अशाने ऑर्डरीच जातील’ ही छोट्या पुरवठादारांची मुंबईतली ओरड इथे जर्मनीत बसून ऐकताना विचित्र वाटते. इथल्या बिलावर बऱ्याचदा छापलेलंच असतं: 14 दिवसांत दिलेत तर 2 टक्के सूट, नाहीतर 30 दिवसांत पूर्ण. मुदत टळली की स्मरणपत्र, मग मध्यवर्ती बँकेच्या मूळ दराच्या वर आणखी 9 टक्के व्याज आणि 40 युरो भरपाई. त्यात कोणाचा अपमान होत नाही. आपल्याकडे त्याच 2006 च्या कायद्यात रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे, पण मागतो कोण? मागणाऱ्याची पुढची पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) निघत नाही.

अर्थात, कामगाराच्या मुलीच्या लग्नाला न विचारता उचल देणारा शेठ इथे सापडणार नाही. ती दानत खरी आहे, आणि दुसऱ्यावर खर्च केल्याने माणूस जास्त सुखावतो, असं 2008 च्या एका गाजलेल्या संशोधनातही दिसलं. मात्र उचल देणाऱ्या छोट्या मालकाचंच येणं वर, मोठ्या गिऱ्हाइकाकडे अडकलेलं असतं. तो व्याजाने काढून बोनस वाटतो. देण्याचं सुख त्याच्या वाट्याला यायचं कसं?

हक्क बहुधा सुटतो तो कागदावर. टेम्पोवाला माल टाकून निघतो, माल पोचल्याच्या चलनावर तारखेचा शिक्का राहून जातो. मुदत मोजतात ती माल स्वीकारल्यापासून. खोट काढायची तर खरेदीदाराने 15 दिवसांत लेखी काढायची. शिक्का नसला की महिन्याने ‘माल क्यूसीत आहे’ (दर्जा तपासणीत आहे) हे फोनवर ऐकावं लागतं. लेखी करार नसेल तर मुदत 45 नव्हे, 15 दिवसांचीच, आणि पीओवर 90 दिवस छापलेले असले तरी कायद्यापुढे ते चालत नाहीत. बिलावर उद्यम क्रमांक (छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) मात्र ठळक हवा, नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही लघुउद्योग आहात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.