तुमचा चिरंजीव आणि बाकीचे दहा

उन्हाळी शिबिराची फी भरलीत, इंग्लिश विलोची बॅट घेतलीत, आता मुलात तेवढी संघभावना आणायची राहिली? काळजी नको. गेल्या रविवारी १४ वर्षांखालच्या पोरांच्या मॅचला मी स्कोअरबुक घेऊन बसलो होतो. तिथे एका वडिलांकडून मोफत मिळालेलं ज्ञान तुमच्यापर्यंत पोचवतो.

आधी खुर्ची स्कोअररच्या टेबलाला चिकटवा. लेगबाय (म्हणजे पायाला लागून निघालेली, फलंदाजाच्या नावावर न चढणारी धाव) लिहिला रे लिहिला, की "अहो, बॅटला लागलाय तो." चार वेळा म्हटलं की स्कोअरर कंटाळून धाव देऊन टाकतो. (मी दिली नाही, त्यामुळे मला क्रिकेट कळत नाही असं जाहीर झालं.)

व्हिडिओ फक्त स्वतःच्या मुलाचा काढा.

मुलगा बारावा गडी असेल तर जेवणाच्या सुट्टीत त्याला सरळ घरी न्या. पाणी वाटायला का फी भरली?

इतिहास जरूर सांगा, पण निवडून. १९८८ची शारदाश्रमची ६६४ धावांची भागीदारी सांगताना सचिनच्या ३२६वर थांबायचं. समोर कांबळीच्या ३४९ होत्या, म्हणजे जास्तच, हे कशाला उकरायचं? २००४च्या मुलतानचं मात्र तिखटमीठ लावून सांगा: सचिन १९४वर नाबाद आणि द्रविडनं डाव घोषित केला! केवढा अन्याय! ती कसोटी आपण एक डाव आणि ५२ धावांनी जिंकली, हा तपशील गौण.

आता मुख्य धडा. मुलगा ४६वर, दोन षटकं बाकी, जिंकायला १५ हव्यात आणि समोरचा पोरगा झकास मारतोय. अशा वेळी तुम्ही साइटस्क्रीनजवळ जाऊन बोंब ठोकायची, "सिंगल घेऊ नकोस! स्ट्राइक सोडू नकोस!" कोच सर हातवारे करून पळायला सांगतायत, करू देत. पोरानं बापाचं ऐकलं. दोन सरळसोट धावा सोडल्या. मग षटकाच्या शेवटच्या चेंडूवर, पुढचं षटकही आपल्यालाच मिळावं म्हणून, चेंडू कव्हरच्या हातात असताना धावत सुटला. समोरचा बिचारा हाकेला ओ देऊन पळाला आणि अर्ध्या पिचवर असतानाच तिकडे बेल्स पडल्या. संघाच्या किटबॅगेत पॅड मोजकेच, त्यामुळे तो सीमारेषेवर डोळे पुसत पॅडचे पट्टे सोडत होता, कारण पुढच्या गड्याला तेच बांधायचे होते. इकडे आपले चिरंजीव चौकार मारून पन्नास करते झाले आणि पुढच्याच चेंडूवर त्रिफळा. मॅच हरली. वडील टाळ्या वाजवत होते! आम्ही पसारा आवरेपर्यंत त्यांच्या स्टेटसला बॅट उंचावलेला फोटो लागलासुद्धा. निकालाचा उल्लेख नाही. धावबाद झालेल्या पोराकडे ढुंकून पाहिलं नाही, उलट जाताना मलाच ऐकवलं, "तो दुसरा पळायला स्लो होता."

स्लो? तुमच्या हौसेपायी तो बाद झाला! मेलबर्न आठवा, डिसेंबर २०२०. डोंबिवलीत वाढलेला रहाणे, संघाचा कप्तान, ११२वर खेळत होता. जडेजाला पन्नाशीसाठी एक धाव हवी होती, त्या धावेपायी रहाणे धावबाद झाला. चिडला? तंबूत परतताना त्यानं जडेजालाच धीर दिला. ती कसोटीही आपण जिंकली. एवढं तुमच्या मुलाला कधी दाखवलंत? तुम्हाला तर १४ वर्षांखालच्या पोरांच्या मॅचमध्ये चार धावांसाठी धीर धरवत नाही.

पोरात काही खोट नाही हो. पॅव्हेलियनमध्ये आल्यावर तो त्या मित्राकडे निघालाच होता, तुम्ही दंड धरून फोटोसाठी उभा केलात. पुढच्या रविवारी त्याला गेटवर सोडा, आधी त्या मित्राला भेटू द्या, आणि तुम्ही गाडीतच बसा. काचा वर करून.