पोट सुटलेले मडके

मडक्याला पोट असते, गळा असतो, तोंड असते, कान असतो आणि बूडही असते. मराठीने ही सगळी नावे माणसाच्या अंगावरून उचलली आहेत, हे मला वयाच्या ५२ व्या वर्षी, दोन गुडघ्यांच्या मध्ये विजेवर फिरणारे चाक घेऊन बसलो तेव्हा पहिल्यांदा जाणवले.

चार रविवारांच्या या वर्गात बायकोने माझे नाव परस्पर घातले होते. मातीत हात घातला की मन शांत होते, असे तिला कोणीतरी सांगितले होते. ते कोणीतरी सडपातळ असणार, कारण बसायला दिलेले स्टूल जेमतेम फूटभर उंचीचे होते आणि त्यावरून पुन्हा उठणे हीच माझी पहिल्या दिवसाची कलाकृती ठरली.

गेली वीस वर्षे मी पोट आत ओढून जगतो आहे. लिफ्टमध्ये ओढतो, लग्नाच्या फोटोत ओढतो, शिंप्यासमोर तर श्वासही रोखतो. परिणामी माझी प्रत्येक नवी विजार पहिल्या जेवणापर्यंतच मला होते. चाकावर ही लबाडी चालत नाही. मळून हवा काढलेला गोळा चाकावर आपटला की आधी तो बरोबर मध्यावर आणावा लागतो आणि फिरणारी माती नुसत्या मनगटाला भीक घालत नाही. कोपर मांडीत किंवा पोटाशी रोवून, अख्खे अंग पुढे झुकवून, माती हलली तरी आपण हलणार नाही अशा बेताने बसावे लागते. मी मात्र रांगेत चुकून पुढे आलेल्या माणसासारखा, माफी मागत मागत तिला हात लावत होतो. गोळा डावीकडून उजवीकडे हेलकावत होता आणि माझ्या चष्म्यावर चिखलाची नक्षी उमटत होती.

उजवीकडचा तरुण सगळे यूट्यूबवर पाहून आला होता. त्याने भिंत इतकी उंच आणि पातळ ओढली की ती शेवटी कोलमडली, तेव्हा "मला असंच हवं होतं," असे त्याने जाहीर केले. डावीकडच्या निवृत्त मुख्याध्यापिकांसमोर माती मुकाट्याने मध्यावर आली. त्यांच्या वाडग्याची भिंत बोटभर जाड होती, पण तसे म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही. माझी भांडी तेवढी अरुंद, खांदे पाडलेली आणि तोंड मिटलेली होत.

तिसऱ्या रविवारी शिकवणाऱ्या बाईंनी भर वर्गात विचारले, "काका, पोट का आत धरलंय? कोपर टेकायला देवानं जागा दिलीय, वापरा की!"

मी श्वास सोडला. पोट सदऱ्यासकट आपल्या हक्काच्या जागी आले, डावे कोपर त्यात रुतले आणि गोळा थरथरायचा थांबला. चाक गरगरत होते, पण माती जागची हलत नव्हती. वर नुसती पाण्याची चकाकी तेवढी फिरत होती. मी अंगठे आत घातले, भिंत वर घेतली, आतून बोटांचा रेटा दिला, तसे मडक्याला पोट सुटू लागले. चांगले गरगरीत, कोणाचीही भीड न बाळगणारे.

तेवढ्यात कोणीतरी "काका, इकडे बघा," म्हणत मोबाइल उगारला. वीस वर्षांच्या सवयीने पोट आत गेले, त्याच्यावर विसंबलेले कोपर अधांतरी झाले आणि मडक्याची एक बाजू आत बसली. त्या फोटोत मी बारीक दिसतो. मडकेही.

बाईंनी ते तारेने कापून काढले आणि भट्टीसाठी ठेवले. आधी सुमारे १००० अंशांवर, मग झिलई देऊन १२०० च्या वर भाजेपर्यंत आमची माती साधारण एक दशांश आक्रसते म्हणे. इतका खात्रीचा उपाय आमच्या जिमवाल्याकडेही नव्हता. भाजलेले मडके बाईंनी बोटाच्या पेराने वाजवून पाहिले, तेव्हा मला तेरचे गोरोबाकाका आठवले. त्यांनी थापटण्याने संतांची डोकी तपासून खुद्द नामदेवांना कच्चे ठरवल्याची कथा आहे. म्हणून मी माझे डोके जरा मागे घेतले. मडके मात्र खणखणीत वाजले.

आता ते आमच्या दारापाशी किल्ल्या सांभाळते. परवा मेहुणी आली. तिने ते उचलले, बसलेल्या बाजूवरून बोट फिरवले आणि विचारले, "भावोजी, हे तुम्ही केलंत ना?"

"कशावरून?"

"ओळखू येतंय," ती म्हणाली आणि तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. मी पोट आत घेतले.