आमच्या भुतांची बदनामी

२०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हा कोकणातल्या बऱ्याच जणांनी ओरड केली होती, की ही मालिका कोकणाची बदनामी करते, इथे घरोघरी भुतं आणि करणी असल्यासारखं दाखवते. मला ती तक्रार तेव्हाही पटली नव्हती. कोकणाचं काही वाकडं झालं नाही, उलट मालिकेचं शूटिंग झालं त्या आकेरीच्या वाड्यासमोर फोटो काढायला गाड्यांची रांग लागली. बदनामी झाली ती भुतांची. नुसत्या त्या मालिकेतच नाही, गेली कित्येक वर्षं मराठी भयकथेत ती चालूच आहे. त्यांच्या बाजूने कोणी बोलत नाही म्हणून हे लिहितेय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक सांगते. भूत आहे की नाही, हा वाद या पोस्टखाली नको. मी मानत नाही. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं सोडून भगताकडे बसवून ठेवणाऱ्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही, आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा कितीतरी आधी यायला हवा होता. पण गोष्टीतलं भूत हे पात्र असतं. बाकीच्या पात्रांना जे लागतं तेच त्यालाही लागतं. ते कुठलं, कोणाचं, त्याला हवंय काय, आणि कशापुढे त्याचं चालत नाही, हे लेखकाला ठाऊक पाहिजे. यूट्यूबवर 'कोकणातली सत्य घटना' म्हणून जे काही ऐकवतात त्यात यातलं एकही नसतं. अमावास्या, पडका वाडा, झावळ्यांची सळसळ, पांढरं लुगडं, मोकळे केस. ही बाई कोण? याच वाड्यात का? पाहुण्याने तिचं काय घोडं मारलं? पत्ता नाही. माझ्या काकीने असली एक गोष्ट शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, "ह्या भुताक दुसरो कामधंदो नाय काय गे?"

भयकथेवरची याहून नेमकी समीक्षा मी अजून वाचलेली नाही.

कारण आमच्याकडच्या भुताला कामधंदा असतो. देवचाराचंच घ्या. घाटावरच्या वाचकांसाठी सांगते, देवचार म्हणजे वाडीचा राखणदार. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात वहाणा. रात्री आपल्या हद्दीतून फिरतो. वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो, असं इथल्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी सांगतंच. त्याचा मान ठरलेला. वर्षाची राखण द्यायची, म्हणजे कोंबडा, भाकरी, कुठे विडी, कुठे थोडी दारू. तो मान मिळाला की तो गुरंढोरं, पोरंबाळं सांभाळणार. चुकलात तर आठवण करून देणार. आणि हद्द संपली की त्याचा अधिकार संपला, व्हाळापलीकडे दुसऱ्याचं राज्य. आता हे पात्र म्हणून बघा. ताकद आहे, पण मोकाट नाही. स्वभाव रागीट, पण राग विनाकारण नाही. हक्क आहेत आणि कर्तव्यंही आहेत. एवढं घडवलेलं पात्र लेखकाला आयतं मिळत असताना तो केस मोकळे सोडलेल्या बाईमागे का धावतो, हे मला कळत नाही.

देवचाराच्या वाटेवर कोणी चिऱ्याचं कुंपण घातलं तर? जमीन विकली गेली, घेणारा लांबचा, त्याला राखण म्हणजे काय ते माहीत नाही, आणि विकणारा म्हणतो आता माझा संबंध नाही. मग मान कोणी द्यायचा? मागायचा कोणाकडे? आज वेंगुर्ल्यापासून गुहागरपर्यंत रस्त्याकडेला 'प्लॉट विकणे आहे'चे बोर्ड आहेत. या प्रत्येक बोर्डाखाली एक भयकथा आहे आणि मी तरी ती कुठे छापलेली पाहिली नाही. तिच्यात देवचाराने कोणाचा गळा दाबायची गरजच नाही. त्याने फक्त राखण करणं थांबवलं तरी पुरे.

आरवलीचा वेतोबा तर सगळ्यांना माहीत आहे. वेताळ म्हणजे भुतांचा राजा. शिरोड्याशेजारच्या या गावात तो ग्रामदैवत आहे, माणसाहून उंच मूर्ती, आणि नवसाला त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा आणि केळ्यांचे घड वाहतात. रात्री तो गावभर फिरतो, म्हणून वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. भुतांच्या राजाच्या जिवावर गाव निर्धास्त झोपतं! ही कल्पना मला कुठल्याही भयकादंबरीपेक्षा थोर वाटते. भीतीला चुकवायचं नाही, तिला चपला द्यायच्या आणि गस्तीला लावायचं.

आता ज्यांना मान नाही त्यांच्याकडे वळते. इथे मला जास्त राग येतो.

हडळ कोण होते? गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेलेली बाई. मुंजा कोण? मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा, तो पिंपळावर. समंधाचा जीव मागे राहिलेल्या मिळकतीत अडकलेला. पाण्यात बुडून गेलेल्याचा गिरा होतो. म्हणजे ही यादी कोणी भिववायला बसून तयार केलेली नाही. कोण कसं अकाली गेलं आणि कोणाचं काय राहून गेलं, याची ती गावाने ठेवलेली नोंद आहे. ज्या काळी बाळंतपणात बाया पटापट मरत होत्या त्या काळी प्रत्येक गावाला हडळ होती, यात नवल ते काय? आणि आपल्या लेखकांनी तिचं काय केलं? तरण्या पुरुषांना भुलवणारी बाई केली. जी बिचारी पोटातल्या पोरासकट गेली, तिला पुरुषांची भूक कशी काय लागली? तिला लागली तर मुलाची लागेल. रात्री कोणाच्या तरी पाळण्याशी येऊन बसलेली, काही न करणारी हडळ डोळ्यांसमोर आणा. त्या घरातल्या आईला तिची भीती वाटेल आणि दयाही येईल, आणि दोन्ही एकदम वाटलं की काय करावं हे तिला सुचणार नाही. भयकथा तिथे सुरू व्हायला हवी. आपल्याकडे ती पैंजणांच्या आवाजावर सुरू होते आणि तिथेच संपते.

चकव्याबद्दल मात्र लेखकांना दोष देत नाही, तो अवघडच आहे. त्याला रूप नाही, बोलणं नाही. ओळखीच्या पाणंदीतून माणूस घरी निघतो आणि रात्रभर त्याच बांधाला वळसे घालत राहतो. उपाय एकच, बसून राहायचं, उजाडू द्यायचं. असं पात्र उभं करायला फार मोठी लेखणी लागते.

ती लेखणी कोणाकडे होती, हेही सांगायला हवं, नाहीतर नुसतंच नाक मुरडल्यासारखं होईल. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात भयकथाकार नारायण धारपांची पुस्तकं कधी जागेवर मिळायची नाहीत, आणि मिळाली तर शेवटची पानं गायब. धारपांचं मोठेपण मला त्यांच्या भुतांपेक्षा त्यांच्या घरांत दिसतं. चाळीतली खोली, भाड्याने घेतलेला बंगला, ऑफिसातून दमून आलेला माणूस. हळूहळू, एकेक खिळा सैल व्हावा तसं ते घर खिळखिळं होत जातं. 'लुचाई' त्यांनी स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून घेतली हे सगळ्यांना माहीत आहे, पण परक्या भुताला इथल्या मातीत वसवायचं तर काय काय बदलावं लागतं याचा तो धडाच आहे. त्यांचं एकच पात्र मला कधी आवडलं नाही, ते म्हणजे समर्थ. (चाहत्यांनो, खुशाल शिव्या घाला.) समर्थ येणार म्हटलं की माझी भीती उतरते. सगळं ठाऊक असलेला, कधी न डगमगणारा माणूस शेवटी सगळं निस्तरणार असेल तर मी रात्री दिवा लावून का झोपावं? इथला गुरवसुद्धा कौल लावताना देवाच्या उत्तराची वाट बघतो. उजवा येईल की डावा, त्याला आधी माहीत नसतं.

रत्नाकर मतकरींच्या चांगल्या कथांत हा प्रश्न येत नाही. तिथे माणसाचा मत्सर, लोभ, एकटेपणा आधी येतो, भूत मागाहून येतं, कधी येतही नाही. आणि आमच्या वेंगुर्ल्याचे चिं. त्र्यं. खानोलकर! त्यांच्या 'कोंडुरा' कादंबरीला कोणी भयकथा म्हणत नाही, पण मला ती वाचताना वाटली तशी भीती भुताच्या पुस्तकात वाटली नाही. अमानवी शक्तीकडून सामर्थ्य मिळतं, तेही ब्रह्मचर्याच्या अटीवर. मागणारा माणूस मोहाचा पुतळा. तिथून पुढे देणाऱ्या शक्तीला काही करावंच लागत नाही, माणूस स्वतःच अटीपर्यंत चालत जातो. अट हीच खरी भीती. कोंडुरा ही जागा खरोखरच आहे, वायंगणीकडे समुद्रावर. भरतीच्या वेळी जाऊन उभे राहा, मग खानोलकरांना हे का सुचलं असेल असा प्रश्न पडणार नाही.

'तुंबाड' (२०१८) हा सिनेमा चालला तोही अटींमुळे. हस्तर नावाचं कुठलं दैवत आपल्या पुराणात नाही, ते रचलेलं आहे, पण ज्यांनी रचलं त्यांनी अर्धवट सोडलं नाही. त्याला सोनं मिळालं पण धान्य मिळालं नाही, म्हणून तो भुकेला. म्हणून पिठाची बाहुली दाखवायची, तो ती खाईपर्यंत मोहरा काढायच्या, आणि पिठाच्याच रिंगणात सुरक्षित राहायचं. मग लोभापायी एकाच्या जागी पुष्कळ बाहुल्या नेल्या तर काय होतं, ते पाहिलं असेल त्यांना आठवत असेल. ते दृश्य अंगावर येतं, कारण नियम आपल्याला आधीच कळलेला असतो. कोकणातल्या खेड तालुक्यातल्या गावाचं नाव घेतलंय तर पीठ तांदळाचं तरी घ्यायचं, एवढीच माझी तक्रार. पण सिनेमात गव्हाची बाहुली घट्ट राहत असेल, जाऊ द्या.

आता पुन्हा 'रात्रीस खेळ चाले', म्हणजे त्यातला अण्णा नाईक. मालिकेचा दुसरा भाग २०१९ मध्ये आला, त्यात अण्णा जिवंत होता. मी तो न चुकता बघायचे. नातीगोती, शेतजमीन, गडीमाणसं सगळं एका माणसाच्या मुठीत, आणि त्या मुठीपुढे घरातली बाईमाणसं कशी वागतात ते बघताना खरोखर काटा यायचा, कारण असे अण्णा आम्ही पाहिलेत. तिसऱ्या भागात तो भूत होऊन आला आणि माझा रस संपला. जिवंतपणी ज्याच्या नुसत्या खाकरण्याने पडवी रिकामी व्हायची, त्याला मेल्यावर डोळे वटारून दारं आपटावी लागली. त्याच्या नादी लागलेल्या शेवंताचंही तेच. माणूस म्हणून ती हुशार होती, तिला घर हवं होतं, मान हवा होता. ज्याला माणूस म्हणून इतकं काही हवं होतं, त्याला भूत झाल्यावर नुसतं 'भिववायला' हवं? मागणी कुठे गेली?

आणि हसणं कुठे गेलं? दशावतारात संकासुर येतो, वेद पळवणारा राक्षस, आणि येऊन मालवणीत लोकांना हसवतो. पोरं त्याला घाबरतातही आणि पुढच्या रांगेत त्याच्यासाठीच बसतात. भुताच्या गजालीही आमच्याकडे हसतच सांगतात. माशांची पाटी घेऊन रात्री येणाऱ्याच्या मागे लागलेला गिरा पेडवा मागतो की बांगडा, यावरून खळ्यात तासभर वाद झालेला मी ऐकलाय. त्या हसण्याने भीती कमी होत नाही. हसून झाल्यावर पाटी घेऊन एकटं जायला कोणी उठत नाही. छापील भयकथा मात्र पहिल्या ओळीपासून दात-ओठ खाऊन बसलेली.

कोणी लिहिणारं हे वाचत असेल तर एक विषय देऊन ठेवते. मालवण तालुक्यात आचऱ्याची गावपळण असते. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जातो, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा घेऊन. घरं ओस. वेशीबाहेर झोपड्या घालून लोक एकत्र रांधतात, गातात, पत्ते कुटतात. त्या दिवसांत गाव देवाचं आणि त्याच्या गणांचं, अशी समजूत. या विषयाचं नाव काढलं की लिहिणारा लगेच एका शहाण्याला गावात मागे ठेवतो आणि तिसऱ्या रात्री त्याचं प्रेत सापडतं. तसं नको. कोणालाच मागे ठेवू नका. गाव रिकामं झाल्यावर जे राहायला येतात त्यांची गोष्ट लिहा. कोण कुठल्या घरात शिरतं? पंचवीस वर्षांपूर्वी बाळंतपणात गेलेली सून आपल्या माजघरात काय शोधते? जागेचा वाद कोर्टात चाललाय, त्या दोन्ही भावांचा आजा कोणत्या पडवीवर बसतो? देवचाराला तीन दिवस सुट्टी मिळते की उलट काम वाढतं? आणि चौथ्या दिवशी माणसं परत येताना आत कोणाचं काय अर्धं राहतं?

फक्त एक करा, मुंबईहून आलेला, भुतंबितं न मानणारा नातू त्यात घालू नका.